परसातल्या हवेची वही : थंडी नक्की संपते कधी?

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार

घरात वाद एकच, आणि तो दर वर्षीचा. थंडी गेली की नाही? सासूबाई म्हणतात, होळीआधी नाव काढू नका. हे म्हणतात, संक्रांत झाली की कसली थंडी. पुतण्या मोबाइल पुढे करतो, पण त्यातला आकडा नाशिकचा असतो आणि नाशिक इथून पस्तीसेक किलोमीटर. आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या मधल्या सपाटीवर. हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत निफाडचं नाव येतं, ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरच्या नोंदीमुळे. पण माझ्या परसात काय होतं हे कुंदेवाडीला काय माहीत?

शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. हाताला उपकरण नाही म्हणून चैन पडत नव्हतं. तेव्हा यंदा मोजायचंच.

साहित्य: सिक्सचा कमाल-किमान तापमापक. वाकवलेली नळी, आत पारा, पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर बारीक लोखंडी सुया. पारा सुईला ढकलतो आणि मागे सरतो, सुई मात्र जिथे नेली तिथेच राहते. एका बाजूला दिवसाचं सर्वांत जास्त, दुसऱ्या बाजूला रात्रीचं सर्वांत कमी. वाचून झालं की लोहचुंबकाने सुया परत पाऱ्यावर आणायच्या. जेम्स सिक्स नावाच्या गृहस्थांनी अठराव्या शतकात केलेली रचना. वीज लागत नाही, सेल लागत नाही.

पर्जन्यमापक घरचा. २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आणि खाली काचेची बरणी. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस पडला तर बरणीत ३१.४ मिलिलिटर पाणी. मोजपात्र आहे. फेब्रुवारीत पर्जन्यमापक लावते म्हणून हे हसले. हसू देत.

वारा: बांबूच्या टोकाला जुन्या नऊवारीच्या काठाची पट्टी.

नियम आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही. सलग दहा रात्री किमान तापमान १४ अंशांच्या खाली गेलं नाही, की थंडी संपली. १४ हा आकडा माझ्या मनाचा, त्याला शास्त्राधार नाही. वाचन सकाळी साडेआठला, हवामान खातं घेतं त्याच वेळी.

तापमापक न्हाणीघराच्या भिंतीला, छपराच्या सावलीत टांगला.

१३ फेब्रुवारी

किमान ११.५, कालचं कमाल ३३. फरक साडेएकवीस अंश!

हे आकडे मुलांना दाखवायला हवे होते. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, अडवायला ना ढग ना बाष्प. फेब्रुवारीची सरासरी काढली तर बावीस-तेवीस अंश येईल, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल काय छान हवा आहे. प्रत्यक्षात त्या सरासरीत आम्ही दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि रात्री नऊला, जेमतेम तासभर असतो.

सासूबाईंच्या अंगावर रात्री दोन गोधड्या होत्या. दुपारी दोनला त्यांनीच पंखा लावायला सांगितला. वहीत एक रकाना वाढवला: गोधड्या.

१४ फेब्रुवारी

१०.५ / ३३.५. गोधड्या २. वारा नाही. मोजणी (१४च्या खाली न गेलेल्या सलग रात्री) ०.

१७ फेब्रुवारी

घोळ आहे.

पुतण्याकडे द्राक्षाच्या शीतगृहात वापरतात तसला छोटा डिजिटल तापमापक आहे, वायरीच्या टोकाला धातूची कांडी असलेला. किमान आकडा तोही लक्षात ठेवतो. गंमत म्हणून रात्री तो तुळशीवृंदावनापाशी उघड्यावर ठेवला. सकाळी त्याने ९.१ दाखवलं, माझ्या सिक्सने ११.५. दोघांत जेमतेम पंधरा पावलांचं अंतर आणि फरक २.४ अंश!

दोन्ही बरोबर असू शकतात, हेच त्यातलं अवघड. हवेचं तापमान "परसात" असं नसतंच. ते या जागी, या उंचीवर, या भिंतीपासून इतक्या अंतरावर असं असतं.

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास असल्याने स्वयंपाक कमी, विचाराला वेळ जास्त. पहाटे पाचला उठून तापमापकापाशी बसले, दर पंधरा मिनिटांनी टॉर्चने वाचन. ५.०० ला १२, ५.१५ ला १२, ५.३० ला १२.५, ५.४५ ला १३.५. उजाडायच्या आधी हवा तापतेय? सूर्योदय सातच्या सुमाराला. पारा सूर्योदयाच्या आसपास तळाला जायला हवा, तर इथे तो उलटा चढतोय.

मग धूर नाकात गेला. बंब! पाच वाजता सासूबाई न्हाणीघरात बंब पेटवतात आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला माझं शास्त्र टांगलेलं. रात्रीचा सर्वांत गार तास माझ्या तापमापकाने कधी पाहिलाच नाही. शिवाय ती भिंत पश्चिमेची. दिवसभराचं ऊन पिते आणि रात्रभर सोडत बसते, बंब नसता तरी अंशभर जास्तच दाखवलं असतं.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी आंघोळ गार पाण्याने करू का, तुझ्या यंत्रासाठी?"

आतापर्यंतची पाच वाचनं खोडली नाहीत. समासात "बंब" लिहून ठेवलं.

१९ फेब्रुवारी

पेटी केली. माडीवरच्या पडक्या खोलीची झडपांची खिडकी होती, तिच्या फळ्या काढून चौकोनी खोकं केलं, चारी बाजूंनी झडपा, म्हणजे वारा खेळतो पण ऊन आत येत नाही. पांढरा ऑइलपेंट दोन हात. हीच स्टीव्हन्सनची पेटी, थोडी गावठी. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे इंजिनिअर होते. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे वाचायला उघडलं तरी आत ऊन शिरणार नाही. जमिनीपासून सव्वा मीटर उंच, शेवग्यापासून लांब, खाली फरशी नाही, माती.

दोन्ही तापमापक आत शेजारी शेजारी. सिक्सवर अर्ध्या अंशापर्यंतच डोळ्याने वाचता येतं, डिजिटल दशांश दाखवतो. डिजिटल दरवेळी थोडा कमी. कोण खरं, ते ठरवायची सोय आज घरात नाही. बर्फ आणायला हवा.

आजपासूनची वाचनं खरी धरायची.

२२ फेब्रुवारी

कमाल ३५.५. एवढ्यात!

ओल्या फडक्याचा तापमापक करून पाहिला. साध्या तापमापकाच्या फुग्याला पंचाची चिंधी गुंडाळली, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत. दुपारी तीनला कोरडा ३५, ओला १८. सतरा अंशांचा फरक, म्हणजे आर्द्रता अठरा टक्क्यांच्या आसपास. पंख्याने वारा घालून दोनदा पाहिलं, तेवढाच. माठातलं पाणी का गार होतं याचं यापेक्षा चांगलं उत्तर नाही. ओठ फुटलेत, पापड दोन तासांत वाळतात.

भाऊजी खूश. द्राक्षाच्या बागेत दव नाही म्हणजे केवडा रोग नाही. त्यांचा माल अजून पंधरा-वीस दिवस वेलीवर राहील, साखर भरतेय.

२६ फेब्रुवारी

११.५ / ३४. गोधडी १, पहाटे दुसरी मागितली.

आज झाडांची नोंद. बांधावरच्या पांगाऱ्याला पान एक नाही, फुलं मात्र लालभडक, आणि त्यात साळुंक्या, बुलबुल, कावळे, सगळी भांडणं तिथेच. काटेसावरीची फुलं खाली पडायला लागली. शेवगा पांढरा झालाय. आंब्याला मोहोर चांगला आहे पण एका बाजूचाच, पूर्वेचा. कडुनिंबाची पिवळी पानं रोज सुपाने भरून काढते. तांबट दुपारी "टुक टुक" करत असतो, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं, एकसुरी. कोकीळ अजून नाही. तिकडे नांदूर मधमेश्वरच्या धरणावर या दिवसांत परतीच्या पक्ष्यांची हालचाल सुरू असते. संध्याकाळी आमच्या डोक्यावरून बदकांची एक रांग गेली, उत्तरेकडे की नुसतीच धरणाकडे, ते सांगता आलं नाही.

झाडं तापमापक वाचत नाहीत. पांगाऱ्याच्या लेखी थंडी कधीच संपली.

१ मार्च

पेपरात आलंय: नुकताच संपलेला फेब्रुवारी, देशभरातल्या कमाल तापमानाच्या सरासरीने, १९०१पासूनचा सर्वांत तापलेला. सकाळी चहाबरोबर हे यांनी वाचून दाखवलं, सासूबाई गोधडी पांघरून ऐकत होत्या. माझं किमान १२.५.

दोन्ही खरं. दिवस तापले. रात्री आमच्या या खोलगट सपाटीत गार हवा येऊन साचते, ती हटत नाही. उष्ण फेब्रुवारी म्हणजे उष्ण दुपारी, इतकंच आमच्यापुरतं.

लासलगावात परवा कांद्याचे लिलाव शेतकऱ्यांनी बंद पाडले, भाव इतके पडले. हवेच्या वहीत ही नोंद का? कारण संध्याकाळी पारावर आभाळाबद्दल कोणी बोललं नाही, आणि आभाळ बदलतंय. पश्चिमेला पिसासारखे पांढरे ढग.

२ मार्च

किमान १४. मोजणी १.

४ मार्च

१७.५ / ३२.५. मोजणी ३.

दोन दिवसांत किमान साडेतीन अंशांनी वर आणि कमाल खाली. फरक आता पंधरा अंश. आभाळाने गोधडी घेतली की जमिनीला लागत नाही. सासूबाईंनी रात्री काहीच पांघरलं नाही.

पट्टी सकाळी पूर्वेकडून फडफडत होती, दुपारी दक्षिणेकडून. ओल्या-कोरड्यातला फरक सतरावरून नवावर आला. बाष्प आलंय. उत्तरेकडे हिमालयात पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, इकडे समुद्रावरून येणारा दमट वारा, दोघांची गाठ मध्य भारतावर कुठेतरी पडते आणि भोगतो आपण. खात्याचा पिवळा इशारा आहे: मेघगर्जनेसह पाऊस.

भाऊजी आता खूश नाहीत. व्यापाऱ्याला फोन लावतायत, तो उद्या सांगतो म्हणाला.

६ मार्च, होळी

१८.५ / ३१. मोजणी ५.

"होळी जळाली, थंडी पळाली." सासूबाईंनी सकाळीच बजावलं, आजची नोंद नीट घे म्हणून. नीट घेते. पण या म्हणीला एक सैल गाठ आहे, ती त्यांना सांगितली. होळी चांद्र तिथीवर. मागच्या वर्षी ती १७ मार्चला होती, यंदा ६ला. यंदा श्रावण अधिक, म्हणून पुढच्या वर्षी उडी मारून २४ मार्चला जाणार. अठरा दिवसांचा हेलकावा. मार्चमध्ये अठरा दिवसांत सूर्य इतका वर येतो की म्हण एखाद्या वर्षी तरी खरी ठरणारच. त्या म्हणाल्या, "म्हण केली त्यांना कॅलेंडर नव्हतं का?" याला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी सातला होळीची पूजा. गोवऱ्या, एरंड, नैवेद्याची पोळी. पेटवली आणि वायव्येकडून असा वारा सुटला की ठिणग्या थेट कडब्याच्या गंजीकडे. चौघांनी बादल्या घेऊन गंजीपाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी बोंबा मारायच्या, अशी वाटणी झाली. साडेआठला थेंब. नऊला सरळ पाऊस. होळी अर्धवट विझली, धूर गल्लीभर.

७ मार्च, धूलिवंदन

बरणीत २८३ मिलिलिटर. भागिले ३१.४, म्हणजे ९ मिलिमीटर. पर्जन्यमापकाला हसलेल्यांना मोजपात्र दाखवलं.

धूळ नाही, चिखल. पोरांची सोय झाली.

किमान १७, पण दुपारी पारा २८च्या पुढे गेलाच नाही. आभाळ भरलेलं. शेजारच्या शेतातला गहू, ओंबी भरलेली, वाऱ्याने आडवा झालाय. कापणीला आठ दिवस राहिले होते. उन्हाळ कांद्याच्या पातीवर पाणी थांबलंय, आता करप्याची भीती. भाऊजी बागेत सकाळपासून घडांवरचं पाणी झटकत फिरतायत, मजूर मिळतील तितके घेऊन. पिकलेल्या मण्यात साखर असते आणि सालीवर पाणी थांबलं की ते आत ओढलं जातं, मुळांनीही एकदम पाणी उचललेलं असतं, आणि साल ताणली जाऊन तडकते. एक मणी तडकला की त्याचा रस शेजारच्यांवर, मग कूज, मग घड. नऊ मिलिमीटर पावसाने नदी हलत नाही. पण बाग हलते.

व्यापाऱ्याचा फोन लागत नाही.

८ मार्च

१६ / ३०. पहाटे धुकं, तुळस दवाने ओली. मोजणी ७.

१० मार्च

आभाळ धुतल्यासारखं. पट्टी उत्तरेकडून. किमान १३.५!

मोजणी आठवर होती, परत शून्य. डिजिटल १३.२ म्हणतोय. दोघांचंही मत एकच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

पाऊस येतो, ढगांमुळे रात्री उबदार होतात, मोजणी भराभर पुढे जाते. पाऊस जातो, मागून कोरडी उत्तरेची हवा येते, जमीन ओली म्हणून दुपारीही फार तापत नाही, आणि पारा खाली. म्हणजे माझा नियम थंडी मोजतच नव्हता, ढग मोजत होता. नियम करताना हे लक्षात यायला हवं होतं. तरी बदलणार नाही, ठरलंय.

सासूबाई: गोधडी १. होळी जळून चार दिवस झाले. मी काही बोलले नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

१३ मार्च

१५ / ३४. मोजणी २. काल दिंडोरीहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. दुपारी दोनला पेटीत ३४ आहे, डांबरी रस्त्यावर पायांना किती असेल? उघड्यावर कडाप्प्याच्या फरशीवर तापमापक टेकवून पाहिला, ५०च्या वर आकड्यांची पट्टीच संपली.

आज कोकीळ. पहाटे सव्वापाचला. सासूबाईंनी ती मला आधी सांगितली, त्या त्या वेळी बंबापाशी असतात.

१५ मार्च

१८ / ३३.५. मोजणी ४.

संध्याकाळी सहाला पूर्वेला ढगांचा डोंगर, वरचा भाग ऐरणीसारखा पसरलेला. वीज दिसली की मोजायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. पहिली चोवीस सेकंद, मग अठरा, मग बारा, म्हणजे चार किलोमीटर. पुढची वीस. बाजूने गेला. पुतण्याच्या फोनवर "दामिनी" हे विजेची सूचना देणारं ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, तेही जवळपास तसंच दाखवत होतं. माझ्या मोजणीला रेंज लागत नाही, एवढं त्याला ऐकवलं.

बरणी कोरडी.

१६ मार्च

आज सविस्तर, कारण असा तास परत मिळणार नाही. (मिळू नये.)

दुपारी साडेतीन: ३१.५. हवा कोंडलेली, पट्टी लोंबकळतेय. माश्या अंगावर बसतात त्या उठत नाहीत.

४.४०: पश्चिम निळी-काळी, तिच्यात हिरवट झाक. गाई दावणीला ओढ द्यायला लागल्या.

४.५२: वारा. एकदम, गार, धुळीची भिंत पुढे घेऊन. हा ढगातून खाली कोसळलेल्या गार हवेचा लोट, पावसाच्या आधी धावत येतो. पट्टी बांबूसकट वाकली.

५.००: पत्र्यावर पहिला टणत्कार. मग बोलणं ऐकू येईना.

गारा बारा मिनिटं. पेटीत ५.१२ ला २०.५. वारा सुटल्यापासून वीस मिनिटांत अकरा अंश! एवढा फरक मी फेब्रुवारीत अख्खी रात्र जागून पाहिला होता.

डोक्यावर घमेलं घेऊन अंगणात गेले. हे ओट्यावरून ओरडत होते, ते लिहीत नाही. पातेलंभर गारा गोळा केल्या. बहुतेक हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या. सर्वांत मोठी पट्टीवर १४ मिलिमीटर. एक सुरीने कापली: मधे दुधी गाभा, मग काचेसारखा थर, मग परत दुधी. झटपट गोठलेल्या थरात हवा अडकते म्हणून तो दुधी, सावकाश गोठला तो पारदर्शक. ढगातल्या प्रवासाचं प्रगतिपुस्तकच.

आणि मग लक्षात आलं की घरात बर्फ आलाय. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य, याहून खात्रीची खूण घरगुती प्रयोगाला नाही. गारा फडक्यात घालून कुटल्या, थर्मासमध्ये थोड्या पाण्यासकट भरल्या, डिजिटलची कांडी आत, दहा मिनिटं ढवळत. उणे ०.४. म्हणजे डिजिटल ०.४ अंश कमी दाखवतो. सिक्स बरा होता. १७ फेब्रुवारीच्या नोंदीत दुरुस्ती: फरक २.४ नाही, २.

बरणीचं काम किचकट. नरसाळ्यात गारा आणि शेवग्याची फुलं, दोन्हींचा बोळा. मोजलेलं २०० मिलिलिटर कोमट पाणी ओतून सगळं वितळवलं. एकूण भरलं ९०७. वजा २००, उरलं ७०७. म्हणजे साडेबावीस मिलिमीटर, आणि हे कमीत कमी, कारण कितीतरी गारा नरसाळ्याला आपटून बाहेर उडाल्या. मी पाहिलंय.

भाऊजींच्या बागेकडे अंधारात कोणी गेलं नाही. तेही गेले नाहीत.

१७ मार्च

१६.५ / २८. मोजणी ६.

बाग पाहिली. वरच्या पानांच्या चिंध्या, घडांना गारांचे मार, पश्चिमेच्या ओळींना जास्त. मणी तडकून खाली पाझरतायत आणि मधमाश्यांची झुंबड. पाचशे पावलांवरच्या दुसऱ्या बागेत नुसता पाऊस, गार नाही. गारपिटीचा पट्टा असाच असतो, रांगोळीच्या रेघेसारखा.

संध्याकाळी भाऊजी ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या वहीत काल किती भरला?"

सांगितलं. वेळही सांगितली, कधी सुरू, कधी बंद, गार केवढी. त्यांनी कागदावर उतरवून मागितलं. सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप १४ तारखेपासून चालू आहे, पंचनामे थांबलेत. अतिवृष्टी धरायला चोवीस तासांत ६५ मिलिमीटर लागतात, तेही महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि ते केंद्र माझ्या परसात नाही. माझ्या वहीला कोण विचारतो? तरी दोन प्रती केल्या, सुवाच्य अक्षरात, तारीख-वेळेसकट. गारेचा पट्टीशेजारचा फोटो पुतण्याने काढला होता, तो दिला. मण्यांचे फोटो आजच काढून ठेवा म्हटलं, चार दिवसांनी कूज कशाची हे कोणाला ओळखू येणार नाही.

१९ मार्च

काल संध्याकाळी ५७ मिलिलिटर, म्हणजे १.८ मिलिमीटर. हवामान खात्याच्या व्याख्येत हा पावसाचा दिवस नाही, त्याला अडीच लागतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या व्याख्येत आहे.

किमान १५. मोजणी ८.

२० मार्च

सिक्स: १४ला टेकलेला. डिजिटल: १३.७.

चार दिवसांपूर्वी गारा पडल्या नसत्या तर आज मोजणी शून्यावर आली असती. १३.७ अधिक ०.४, म्हणजे १४.१. मोजणी ९. हा आकडा मला हवा होता म्हणून मी दुरुस्ती लावतेय का, हे स्वतःला दोनदा विचारलं. दुरुस्ती गारपिटीच्या संध्याकाळी लिहिलेली आहे, शाई वाळलेली आहे.

संप मिटल्याची बातमी दुपारी.

२१ मार्च

१४.५ / ३३. मोजणी १०.

लाल शाईने लिहिलं: "थंडी संपली."

दिवस-रात्र जवळपास सारखी. सूर्य बरोबर पूर्वेला, पांगाऱ्याच्या उजव्या हाताला उगवला. फेब्रुवारीत तो विहिरीच्या रहाटामागून यायचा.

२२ मार्च, गुढीपाडवा

१५ / ३३.५. गुढीला वारा छान, काठी दोरीने दोनदा आवळावी लागली. कडुनिंबाची कोवळी पालवी तांबूस, फुलं नुकती सुरू. गूळ-जिरं घालून गोळी केली. आंब्याचा पूर्वेकडचा मोहोर गारांनी झडलेला, पश्चिमेकडे उशिरा आला तो शाबूत. उशीर केल्याचा फायदा झाडाला झाला.

सासूबाईंना लाल शाईतली ओळ वाचून दाखवली. त्यांनी गोधड्या धुवायला काढल्या.

भाऊजींनी उरलेला माल बेदाण्याला द्यायचं ठरवलंय. तडकलेला तोही घेत नाहीत, निवडायला बायका बसल्यात.

२४ मार्च

पहाटे चारला सासूबाईंनी हाक मारली. धुतलेल्या गोधड्या ट्रंकेत, वरती डांबराच्या गोळ्या. ट्रंक उघडून एक काढून दिली. तिला वास येत होता, त्यांनी नाक मुरडलं आणि डोक्यावरून घेतली.

झोप गेली म्हणून उजाडेपर्यंत पेटीपाशी बसले. वारा शून्य, चांदण्या लख्ख, शेजारी बंबाचा धूर सरळ वर. साडेसहाला सिक्स १३, डिजिटल १२.६.

लाल ओळ खोडली नाही. तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं: १३.०, गोधडी १.